जनरल कॉन्फरन्ससाठी पाळक व सभासद प्रतिनिधींची निवडणूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या जागतिक परिषदेला, म्हणजे जनरल कॉन्फरन्सला, प्रतिनिधी कसे निवडले जातात याविषयी नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. दीक्षित सेवकांतून निवडलेल्यांना येथे ‘पाळक-प्रतिनिधी’ म्हटले आहे. पाळक नसलेल्या सामान्य सभासदांतून निवडलेल्यांना बोलण्यात ‘ले डेलिगेट’ म्हणतात, त्यांच्यासाठी ‘सभासद-प्रतिनिधी’ हा शब्द वापरला आहे. ‘वार्षिक परिषद’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक अर्थ ठरावीक भूप्रदेशातील मंडळ्यांच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, संघटनेचा आहे आणि दुसरा त्या संघटनेच्या दरवर्षी भरणाऱ्या सभेचा आहे. नव्या सभासदाचा गोंधळ बहुधा येथूनच सुरू होतो, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

जनरल कॉन्फरन्स म्हणजे नेमके काय, आणि तिच्या निवडणुकीला एवढे महत्त्व कशासाठी?

युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या वतीने अधिकृतपणे बोलण्याचा अधिकार फक्त जनरल कॉन्फरन्सला आहे. तो कोणा एका बिशपला नाही, बिशपांच्या मंडळालाही नाही, आणि एखाद्या मोठ्या कार्यालयाला तर नाहीच. साधारणपणे चार वर्षांतून एकदा भरणारी ही परिषद ‘बुक ऑफ डिसिप्लिन’ या नियमपुस्तकात बदल करते, अंदाजपत्रक ठरवते, सामाजिक तत्त्वे मंजूर करते आणि ज्युडिशिअल कौन्सिल या सर्वोच्च न्यायमंडळाचे नऊ सदस्य निवडते. अधिवेशन संपले की तिचे कायम कार्यालय किंवा कायम अध्यक्ष असे काही मागे उरत नाही. तिचे अस्तित्व तिच्या प्रतिनिधींमध्येच असते. त्यामुळे चर्चची दिशा अधिवेशनाच्या सभागृहात ठरते असे म्हणतात ते अर्धेच खरे आहे. ती बऱ्याच अंशी त्याच्या आधी वार्षिक परिषदांच्या मतपत्रिकांवर ठरलेली असते.

एकूण प्रतिनिधी किती असतात, आणि कोणत्या वार्षिक परिषदेला किती जागा मिळतात?

चर्चच्या घटनेनुसार प्रतिनिधींची संख्या 600 पेक्षा कमी आणि 1,000 पेक्षा जास्त असू शकत नाही, आणि त्यांपैकी निम्मे पाळकवर्गातील व निम्मे सामान्य सभासदांतील असले पाहिजेत. 2016 साली पोर्टलंड येथे 864 प्रतिनिधींची तरतूद होती, तर 2024 साली शार्लट येथे ती 862 होती.

जागांच्या वाटपासाठी दोन गोष्टी मोजल्या जातात : वार्षिक परिषदेतील पाळकवर्गाची संख्या आणि तिच्या मंडळ्यांतील सभासदांची संख्या. दोन्हींचा हिशेब एकत्र करून जो आकडा येतो तितके पाळक-प्रतिनिधी आणि तितकेच सभासद-प्रतिनिधी त्या परिषदेच्या वाट्याला येतात. परिषद कितीही लहान असली, तरी तिला किमान एक पाळक आणि एक सभासद पाठवण्याचा हक्क असतो. या पद्धतीचा परिणाम असा, की सभासदसंख्या झपाट्याने वाढलेल्या आफ्रिकेतील परिषदांच्या जागा गेल्या काही दशकांत वाढल्या आणि अमेरिकेतील परिषदांच्या कमी झाल्या. तरीही पाळकवर्गाची संख्या हिशेबात धरली जात असल्यामुळे हे वाटप निव्वळ सभासदसंख्येच्या प्रमाणात होत नाही. हा नियम कोणाच्या फायद्याचा, हा वाद जुना आहे. आकड्यांची बेरीज झाली म्हणजे न्याय झाला असे सर्वांना वाटत नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

याशिवाय ग्रेट ब्रिटन, मेक्सिको, पोर्टो रिको आणि कॅरिबियन व अमेरिका येथील मेथडिस्ट चर्चशी विशेष करार आहेत. त्यानुसार त्यांचे मोजके प्रतिनिधी मतदानाच्या हक्कासह येतात.

निम्मे पाळक, निम्मे सभासद हा नियम पहिल्यापासून आहे का?

नाही. हा हक्क मिळवण्यासाठी सभासदांना शंभराहून अधिक वर्षे थांबावे लागले, आणि स्त्री-सभासदांना त्याहून जास्त.

आजच्या युनायटेड मेथडिस्ट चर्चचे पूर्वरूप असलेल्या अमेरिकेतील मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना 1784 च्या नाताळात बाल्टिमोर येथे झालेल्या सभेत झाली, आणि पहिली जनरल कॉन्फरन्स 1792 साली भरली. त्या काळात प्रतिनिधी निवडण्याचा प्रश्नच नव्हता. जे प्रवासी प्रचारक पात्र होते ते सगळेच येऊ शकत होते. प्रत्यक्षात मात्र घोड्यावरून आठवडेच्या आठवडे प्रवास करून बाल्टिमोरला पोहोचणे दूरच्या प्रचारकांना शक्य नसे, आणि जवळच्या बाल्टिमोर व फिलाडेल्फिया या दोन परिषदांतील लोकांची सभेत जवळजवळ निम्मी भरती होई. हा असमतोल दूर करण्यासाठी 1808 साली जोशुआ सोल यांनी तयार केलेल्या आराखड्यानुसार प्रतिनिधी पाठवण्याची पद्धत मान्य झाली आणि 1812 साली न्यूयॉर्क येथे पहिली प्रातिनिधिक जनरल कॉन्फरन्स भरली. वार्षिक परिषदेतील दर पाच सदस्यांमागे एक असे ते प्रमाण होते, आणि प्रतिनिधी निवडणुकीने ठरवावेत की सेवाज्येष्ठतेने, हे प्रत्येक परिषदेवर सोडले होते. आज हे वाचताना नवल वाटते, पण ज्येष्ठता हा तेव्हा निवडणुकीइतकाच रास्त मार्ग मानला जात होता.

हे सगळे प्रचारकांपुरतेच होते. सामान्य सभासदांना कसलाही आवाज नाही, या असंतोषातून 1830 साली मेथडिस्ट प्रोटेस्टंट चर्च वेगळे झाले आणि त्याने सभासदांना प्रतिनिधित्व दिले. मूळ चर्चमध्ये ही मागणी मान्य व्हायला आणखी चाळीस वर्षे लागली. गुलामगिरीच्या प्रश्नावरून वेगळ्या झालेल्या दक्षिणेकडील शाखेत सभासद-प्रतिनिधी प्रथम 1870 साली आले, तर उत्तरेकडील शाखेत 1872 साली. उत्तरेत ते प्रारंभी एका वार्षिक परिषदेमागे जास्तीत जास्त दोनच असत. पाळकांइतकीच संख्या त्यांना 1900 च्या सुमारास मिळाली.

स्त्रियांची कथा याहून बोलकी आहे. 1888 साली न्यूयॉर्कच्या अधिवेशनासाठी पाच स्त्रिया रीतसर निवडून आल्या होत्या. दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड त्यांच्यापैकी एक होत्या. त्यांना निवडणाऱ्या परिषदांना शंका नव्हती, पण अधिवेशनाने ‘सभासद’ या शब्दात स्त्रिया येत नाहीत असा अर्थ लावून त्यांना जागा नाकारली. उत्तरेकडील चर्चमध्ये स्त्रिया प्रतिनिधी म्हणून 1904 साली बसल्या, दक्षिणेकडे 1922 साली. पाळकवर्गात पूर्ण हक्कांनी येण्याचा मार्ग स्त्रियांना 1956 साली मोकळा झाला, त्यामुळे पाळक-प्रतिनिधी म्हणून निवडून येण्याची वाटही त्यानंतरचीच. निवडणुकीच्या नियमांत ‘कोण मत देतो’ आणि ‘कोण निवडून येऊ शकतो’ हे दोन प्रश्न वेगळे का ठेवावे लागतात, ते 1888 च्या त्या प्रसंगावरून कळते.

पाळक-प्रतिनिधी म्हणून कोण निवडून येऊ शकतो, आणि त्याला मत कोण देतो?

निवडून येण्यासाठी त्या वार्षिक परिषदेचे पूर्ण सभासदत्व असलेला दीक्षित सेवक असावे लागते. त्यात एल्डर आणि डीकन हे दीक्षित सेवकांचे दोन्ही प्रकार येतात. निवृत्तीने हा हक्क जात नाही.

मत देणाऱ्यांचा वर्ग मात्र याहून मोठा आहे. पूर्ण सभासदत्व असलेल्यांबरोबर सहयोगी सदस्यांना मत असते. शिक्षणाच्या सर्व अटी पूर्ण केलेल्या परिवीक्षाधीन सदस्यांनाही ते असते. आणि ज्या परवानाधारक स्थानिक पाळकांनी (दीक्षा न घेता परवान्यावर मंडळी सांभाळणाऱ्यांनी) ठरवून दिलेला अभ्यासक्रम किंवा धर्मशास्त्राची पदवी पूर्ण केली आहे व निवडणुकीपूर्वी सलग किमान दोन वर्षे नेमणुकीवर सेवा केली आहे, त्यांनाही मताधिकार आहे. 2024 च्या अधिवेशनाने वार्षिक परिषदांकडे पाठवलेल्या चार घटनादुरुस्त्यांपैकी एक याच कलमातील शैक्षणिक अटींची होती, यावरून हा मुद्दा किती संवेदनशील आहे ते कळावे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण स्थानिक पाळक ती वारंवार विचारतात आणि उत्तर ऐकून नाराज होतात. परवानाधारक स्थानिक पाळक अटी पूर्ण करत असेल तर पाळक-प्रतिनिधींना मत देऊ शकतो, पण स्वतः पाळक-प्रतिनिधी होऊ शकत नाही, कारण त्याला पूर्ण सभासदत्व नसते. तो सभासद-प्रतिनिधीही होऊ शकत नाही, कारण परवाना आणि नेमणूक मिळाल्यापासून तो पाळकवर्गात मोजला जातो. रविवारी उपदेश करणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा, प्रभुभोजन देणारा हा माणूस जागतिक परिषदेच्या दोन्ही दारांबाहेर उभा राहतो. अनेक लहान मंडळ्या अशाच पाळकांच्या जिवावर चालतात, हे लक्षात घेतले तर त्यांची नाराजी अवाजवी म्हणता येत नाही. पण नियम घटनेत आहे, आणि तो बदलायचा तर घटनादुरुस्तीच्या लांब वाटेनेच जावे लागेल.

सभासद-प्रतिनिधी होण्यासाठी कोणत्या अटी आहेत?

निवडणुकीच्या लगत आधी किमान दोन वर्षे त्या व्यक्तीने युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये विश्वास जाहीर केलेला सभासद असले पाहिजे आणि किमान चार वर्षे चर्चच्या कार्यात सक्रिय भाग घेतलेला असला पाहिजे. वयाची अट नाही, असे घटना स्पष्टपणे सांगते. त्यामुळे महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि तिची आजी एकाच प्रतिनिधिमंडळात बसू शकतात.

आणखी एक अट बरेचदा विसरली जाते. अधिवेशनाच्या वेळीही ती व्यक्ती, जिने तिला निवडले त्याच वार्षिक परिषदेच्या हद्दीतील मंडळीची सभासद असावी लागते. नोकरीनिमित्त दुसऱ्या प्रांतात जाऊन सभासदत्वही तिकडे नेले, तर जागा राखीव प्रतिनिधीकडे जाते. अशी वेळ आल्यास वार्षिक परिषदेच्या सचिवांना लगेच कळवावे.

सभासद-प्रतिनिधींना मत कोण देतो? मंडळीतील प्रत्येक सभासद देतो का?

नाही. वार्षिक परिषदेत जे सामान्य सदस्य बसतात तेच मत देतात. प्रत्येक पाळकक्षेत्रातून (एका पाळकाच्या नेमणुकीखालील एक किंवा अधिक मंडळ्यांतून) निवडून पाठवलेले सभासद हा त्यांचा मुख्य गट असतो. त्यांच्याबरोबर डीकनेस, म्हणजे चर्चच्या सेवेला वाहून घेतलेल्या सामान्य सभासद स्त्रिया, आणि काही पदसिद्ध सभासद असतात. पाळकांची आणि सामान्य सदस्यांची संख्या समान राहावी यासाठी वार्षिक परिषद जादा सदस्यही निवडते. थोडक्यात ही अप्रत्यक्ष निवडणूक आहे : मंडळी आपला माणूस वार्षिक परिषदेत पाठवते आणि तो जनरल कॉन्फरन्सचा प्रतिनिधी निवडतो. म्हणूनच वार्षिक परिषदेला कोणाला पाठवायचे हे ‘या वर्षी कोणाला सवड आहे’ एवढ्यावर ठरवू नये.

पाळक सभासदांना आणि सभासद पाळकांना मत देऊ शकतात का?

नाही. दोन्ही मतदाने वेगळी होतात, मोजणीही वेगळी होते.

निवडणूक कधी होते?

ती वार्षिक परिषदेच्या नियमित सभेत होते. नियम असा आहे, की जनरल कॉन्फरन्सच्या आधीच्या कॅलेंडर वर्षापूर्वीच्या दोन वार्षिक सभांपेक्षा अगोदर ती घेऊ नये. बहुतेक परिषदा अधिवेशनाच्या आदल्या वर्षी ती उरकतात. व्हिसाची कागदपत्रे, समित्यांची वाटणी, शेकडो पानांच्या प्रस्तावांचे वाचन यांसाठी एवढा अवधी आवश्यकच असतो.

मतदान प्रत्यक्षात कसे चालते?

प्रतिनिधींची निवड ‘न्याय्य आणि खुल्या पद्धतीने’ झाली पाहिजे, असे घटना सांगते. मतपत्रिका, मोजणी, फेऱ्या यांचे तपशील वार्षिक परिषदा आपापल्या नियमांनी ठरवतात. बहुतेक ठिकाणी वैध मतपत्रिकांच्या निम्म्याहून अधिक मते मिळाल्याशिवाय कोणी निवडून येत नाही, आणि सगळ्या जागा भरेपर्यंत एकामागून एक फेऱ्या होत राहतात.

कल्पना करा, की एका परिषदेला तीन पाळक-प्रतिनिधी पाठवायचे आहेत आणि पहिल्या फेरीत 181 मतपत्रिका वैध ठरल्या. निवडून येण्यासाठी 91 मते हवीत. प्रत्येक मतदाराने तीन नावे लिहिली आहेत. अनेक परिषदांत तीनपेक्षा कमी किंवा जास्त नावे लिहिली तर मतपत्रिका बाद होते, म्हणून अध्यक्षस्थानी असलेले बिशप प्रत्येक फेरीआधी ‘बरोबर तीन, बंधू-भगिनींनो, बरोबर तीन’ असे बजावतात, आणि तरीही दहाबारा मतपत्रिका बाद होतातच. मते तीसचाळीस नावांत विखुरलेली असतात. एकाला 97 मिळाली, तो निवडून आला. दुसऱ्याला 74, तिसरीला 70. दुसऱ्या फेरीत दोनच नावे लिहायची असतात. पहिल्या फेरीचे आकडे पाहिल्यामुळे मते आता एकवटू लागतात. कोणी व्यासपीठावर येऊन ‘माझे नाव मागे घेतो’ असे सांगतो, टाळ्या पडतात, आणि त्याची मते कुठे जातील याची गणिते मागच्या रांगांत मांडली जातात. दरम्यान सभेचे बाकीचे कामकाज, अहवाल, प्रार्थना, स्तोत्रे चालू असतात. मोजणी अधिकारी चिठ्ठी घेऊन आले, की वाचन थांबवून निकाल जाहीर होतो. चिठ्ठ्यांच्या जागी आता बऱ्याच ठिकाणी हातातली मतदान-यंत्रे आली आहेत. त्यांनी फेऱ्यांचा वेळ वाचवला, पण फेऱ्यांमधल्या कुजबुजीला अवधीही तितकाच कमी ठेवला.

तिन्ही जागा भरल्या तरी मतदान संपत नाही. त्यापुढच्या फेऱ्या ज्युरिस्डिक्शनल कॉन्फरन्ससाठी, म्हणजे अमेरिकेतील विभागीय परिषदेसाठी, असतात. अमेरिकेबाहेर त्या सेंट्रल कॉन्फरन्ससाठी असत, ज्यांच्या जागी आता प्रादेशिक परिषदा आल्या आहेत. त्यांचे महत्त्व राखीव प्रतिनिधींच्या प्रश्नात येईल.

उमेदवारी अर्ज भरावा लागतो का? प्रचार करता येतो का?

याबाबत परिषदांच्या प्रथा वेगवेगळ्या आहेत. अनेक परिषदा इच्छुकांकडून छायाचित्र, अल्प परिचय आणि ‘मी का जाऊ इच्छितो’ यावरील चार ओळी मागवून पुस्तिका काढतात. पाळकांच्या बाबतीत सगळ्या पात्र सेवकांची यादीच मतदारांच्या हाती देण्याची प्रथाही आढळते. प्रचाराबद्दल मेथडिस्ट मनात एक जुना संकोच आहे : सेवेसाठी बोलावणे यावे, मागू नये, अशी शिकवण असते. पण मते मागायची नाहीत असे ठरवले, तरी समविचारी लोक आपसांत नावांच्या याद्या फिरवतातच. अशा याद्या लपूनछपून फिरण्यापेक्षा उमेदवारांनी आपली भूमिका पुस्तिकेत उघडपणे मांडणे केव्हाही चांगले.

राखीव प्रतिनिधी म्हणजे कोण, आणि त्यांना खरोखर संधी मिळते का?

अमेरिकेत पाच ज्युरिस्डिक्शन आहेत. आफ्रिका, युरोप आणि फिलिपिन्समध्ये मिळून सात सेंट्रल कॉन्फरन्स होत्या. बिशपांची निवडणूक या पातळीवर होते. प्रथम निवडून आलेले, ठरलेल्या संख्येपर्यंतचे लोक जनरल कॉन्फरन्सला जातात. तेच पुढे या प्रादेशिक परिषदेलाही जातात, आणि तिथली संख्या जास्त असल्यामुळे त्यांच्यासोबत जादा प्रतिनिधी निवडले जातात. हे जादा प्रतिनिधी, ज्या क्रमाने निवडून आले त्याच क्रमाने, जनरल कॉन्फरन्सचे राखीव प्रतिनिधी ठरतात. पाळकाची रिकामी जागा राखीव पाळक भरतो, सभासदाची राखीव सभासद. क्रम मोडता येत नाही.

राखीव म्हणजे नावापुरता, असे मानणाऱ्यांनी गेल्या अधिवेशनाची हकीकत पाहावी. जनरल कॉन्फरन्स मे 2020 मध्ये मिनियापोलिसला भरायची होती. तिचे प्रतिनिधी 2019 च्या सुमारास निवडले गेले होते. कोविडच्या साथीमुळे ती आधी 2021 वर, मग 2022 वर ढकलली गेली. 2022 मध्येही ती भरू शकली नाही, आणि अखेर 23 एप्रिल ते 3 मे 2024 या काळात शार्लट येथे ती झाली. ज्युडिशिअल कौन्सिलने ठरवले, की हे नवे अधिवेशन नसून पुढे ढकललेले 2020 चेच अधिवेशन आहे, म्हणून नव्याने निवडणूक घ्यायची नाही आणि निवडलेले प्रतिनिधीच बसतील. पाच वर्षांत काही प्रतिनिधी वारले, काही दूर गेले, आणि समलैंगिक व्यक्तींचा विवाह आणि त्यांची पाळकपदाची दीक्षा यांवरील वादातून अमेरिकेतील साधारण एक चतुर्थांश मंडळ्या चर्च सोडून गेल्या, त्यांच्यासोबत काही प्रतिनिधीही गेले. ज्यांनी ‘आपला क्रमांक काही लागत नाही’ असे समजून फाइल कपाटात ठेवली होती, त्यांना ती धूळ झटकून काढावी लागली. त्या अधिवेशनाने समलैंगिक व्यक्तींच्या दीक्षेवरील बंदी 692 विरुद्ध 51 मतांनी उठवली. ती मते देणाऱ्यांत राखीव यादीतून आत आलेले लोकही होते. म्हणून शेवटच्या फेऱ्यांत कंटाळून मतपत्रिका कोरी टाकणाऱ्यांना आमची विनंती आहे, की पहिल्या तीन नावांइतकाच विचार सहाव्या नावाचाही करावा.

अधिवेशन चालू असतानाही एखादा प्रतिनिधी आजारी पडला किंवा काही तासांसाठी बाहेर गेला, तर राखीव प्रतिनिधीला रीतसर नोंद करून त्याच्या जागी बसवता येते.

दुसऱ्याच्या ओळखपत्रावर मतदान झाले तर काय होते?

हा प्रश्न काल्पनिक नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये सेंट लुईस येथील विशेष अधिवेशनात चार अपात्र व्यक्तींनी, हजर नसलेल्या प्रतिनिधींच्या ओळखपत्रांवर मतदान केल्याचे नंतरच्या चौकशीत आढळले. बहुतेक ठरावांतील फरक मोठा असल्याने चार मतांनी काही बिघडले नसते, पण मंडळ्यांना चर्च सोडण्याची वाट देणाऱ्या एका प्रस्तावाच्या वेळी एक मतदान 402 विरुद्ध 400 असे झाले होते. चार मते तिथे पुरेशी होती. तेव्हापासून ओळख पटवण्याबाबत अधिक काटेकोर काळजी घेतली जाते. वार्षिक परिषदेच्या सचिवांनी द्यायचे निवडीचे प्रमाणपत्र हा या साखळीतला पहिला दुवा आहे. ते वेळेत आणि अचूक नावांनिशी गेले पाहिजे. नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच असावे, ही बाब किरकोळ वाटते, पण विमानतळावर ती किरकोळ राहत नाही.

विशेष अधिवेशनासाठी वेगळी निवडणूक घ्यावी लागते का?

सक्ती नाही. बिशपांच्या मंडळाने विशेष अधिवेशन बोलावले, तर आधीच्या जनरल कॉन्फरन्ससाठी निवडलेले प्रतिनिधी किंवा त्यांचे रीतसर वारसदार त्याला बसतात. एखाद्या वार्षिक परिषदेला नव्याने निवडणूक घ्यायची असेल, तर तशी मुभा घटनेतच आहे.

बिशप प्रतिनिधी असतात का?

नसतात. ते आळीपाळीने अध्यक्षस्थान सांभाळतात, पण त्यांना मत नाही, आणि चर्चेत बोलायचे तर सभागृहाची परवानगी लागते. पुष्कळ सभासदांना हे ऐकून आश्चर्य वाटते.

प्रतिनिधीने वार्षिक परिषदेच्या मताप्रमाणेच मत द्यायला हवे का?

तसे बंधन नाही. वार्षिक परिषदेला आपले म्हणणे मांडायचे असेल, तर तिने जनरल कॉन्फरन्सकडे अर्ज पाठवावा. तो अधिकार कोणत्याही मंडळीला आणि प्रत्येक सभासदालाही आहे. प्रतिनिधी मात्र समितीत आणि सभागृहात दहाअकरा दिवस ऐकून, वाचून, इतर खंडांतील लोकांशी बोलून स्वतःच्या विवेकाने मत देतो. घरून ठरवून नेलेले मत परत आणायचे असेल, तर एवढ्या लोकांनी एकत्र जमण्याची गरजच उरत नाही. अर्थात परत आल्यावर ‘असे मत का दिले’ हे विचारण्याचा हक्क मंडळीला आहे, आणि चांगला प्रतिनिधी त्या प्रश्नाची वाट पाहतो.

प्रवासाचा खर्च कोण करतो? इंग्रजी येणे आवश्यक आहे का?

प्रवास आणि दैनंदिन भत्ता चर्चच्या मध्यवर्ती निधीतून दिला जातो, त्यामुळे पैसे नाहीत म्हणून कोणी नकार देऊ नये. रजा मात्र स्वतःची खर्चावी लागते. दहाअकरा दिवस कामावरून दूर राहणे रोजंदारीवरील माणसाला परवडत नाही, आणि सभासद-प्रतिनिधींत निवृत्त लोक व स्वतःचा व्यवसाय असलेले लोक जास्त दिसतात त्याचे एक कारण हेच आहे. इंग्रजीची अट नाही. फ्रेंच, पोर्तुगीज आणि किस्वाहिली भाषांत प्रस्तावांची पुस्तके मिळतात आणि सभागृहात तत्काळ भाषांतर ऐकता येते. आफ्रिकेतील अनेकांसाठी खरा अडथळा भाषेचा नाही, अमेरिकन व्हिसाचा असतो. निमंत्रणपत्र उशिरा आले किंवा मुलाखतीची तारीख मिळाली नाही, की निवडून आलेला माणूस घरीच राहतो, आणि त्याचा राखीव प्रतिनिधीही त्याच रांगेत अडकलेला असू शकतो.

प्रादेशिक रचनेतील बदलांमुळे निवडणूक बदलेल का?

2024 च्या अधिवेशनाने 586 विरुद्ध 164 मतांनी प्रादेशिकीकरणाची घटनादुरुस्ती संमत केली. अशा दुरुस्तीला नंतर जगभरच्या वार्षिक परिषदांतील एकूण मतांपैकी दोनतृतीयांश मते लागतात, आणि 2025 मध्ये तिला ती मिळाली. तिच्यामुळे सेंट्रल कॉन्फरन्सच्या जागी प्रादेशिक परिषदा आल्या, अमेरिकेचा स्वतंत्र प्रदेश झाला, आणि स्थानिक स्वरूपाचे नियम आपापल्या प्रदेशात ठरवण्याचे सर्वांचे अधिकार सारखे झाले. जनरल कॉन्फरन्सचे प्रतिनिधी वार्षिक परिषदांनी निवडावेत आणि ते निम्मे-निम्मे असावेत हे तत्त्व तसेच आहे.

भारतातील मेथडिस्ट चर्च प्रतिनिधी पाठवते का?

1981 साली मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झाले. त्यापूर्वी दक्षिण आशियातील वार्षिक परिषदा इतर परिषदांप्रमाणेच मतदार प्रतिनिधी निवडून पाठवत असत. स्वायत्ततेनंतर या चर्चची स्वतःची जनरल कॉन्फरन्स आहे, तिचे नियम तीच ठरवते आणि तिच्या निवडणुका तिच्या प्रादेशिक परिषदांत होतात. युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या जनरल कॉन्फरन्समध्ये अशा संलग्न स्वायत्त चर्चना एक पाळक आणि एक सभासद पाठवण्याची मुभा असते. ते समित्यांत बसतात, बोलतात, सूचना करतात. मतदान सुरू झाले की मात्र त्यांच्यासमोर यंत्र नसते.